टूलकिट निवडण्याआधी दिवाणजींच्या शेजारी बसा

पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या एका खळ्यावर मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा लॅपटॉपमध्ये नवाकोरा, देखणा प्रोग्राम होता. गोल कोपऱ्यांची बटणं, हळूच सरकत येणारे फॉर्म, वर फिक्या जांभळ्या रंगाची पट्टी. दिवाणजींनी चष्मा कपाळावर चढवून दोन मिनिटं तो पाहिला आणि विचारलं, "छान आहे हो. पण माउस कोणत्या हातानं धरू?" त्यांचा उजवा हात नंबरपॅडवर होता, डावा काटापावत्यांच्या गठ्ठ्यावर. बाहेर लिलाव होऊन आलेले ट्रॅक्टर उभे होते आणि शेतकरी हिशोबपट्टीसाठी खिडकीशी थांबले होते. संध्याकाळच्या आत दिवाणजींनी माझा प्रोग्राम बंद करून काळ्या स्क्रीनवरचा जुना फॉक्सप्रो परत सुरू केला.

कोड बरोबर होता, बेरजा जुळत होत्या. चूक त्याच्या बरीच आधी झाली होती. टूलकिट, म्हणजे बटणं, फॉर्म, मेनू, तक्ते यांचा जो तयार संच आपण वापरतो तो, मी घरी बसून स्वतःच्या हौसेनं ठरवला होता. त्यानंतर माझा क्रमच बदलला. नाशिकजवळच्या सातपूर-अंबडचे व्हेंडर, निफाड-दिंडोरीची पॅकहाउसं, खळ्यांवरचे व्यापारी अशा लोकांना जे एकट्यानं किंवा दोघातिघांत प्रोग्राम लिहून देतात, त्यांच्यासाठी तो क्रम इथे मांडतो आहे.

पहिला दिवस लॅपटॉप न उघडता

जो माणूस रोज प्रोग्राम वापरणार त्याच्या शेजारी सकाळपासून बसायचं. मालकाच्या नाही. मालक तुम्हाला रिपोर्ट सांगतो, डॅशबोर्ड सांगतो, मोबाइलवर दिसलं पाहिजे म्हणतो. एंट्री करणाऱ्या ताई काय सांगतात ते वेगळंच असतं, आणि टूलकिट ठरतं ते त्यांच्या सांगण्यावरून.

वहीत एवढं लिहून आणा: एका नोंदीत किती वेळा कीबोर्ड सोडावा लागतो. एका पानावर किती ओळी एकदम डोळ्यासमोर लागतात. मशीनला मागून काय काय जोडलंय (वायर धरून शेवटपर्यंत जा, लोक सांगायला विसरतात). कोणता कागद बाहेर पडतो, किती प्रतींत, आणि त्यावर मराठी आहे का. वीज गेली की काय करतात. आणि सध्याच्या प्रोग्राममधलं काय त्यांना आवडतं. हा शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये उत्तर आलं होतं, "एफ चार दाबलं की मागचंच चलन पुन्हा येतं, तेवढं ठेवा बाकी काही करा." ती एक की नव्या प्रोग्राममध्ये नसती तर बाकी सगळं व्यर्थ होतं.

डेस्कटॉपच हवंय का, हे त्याच दिवशी ठरतं

वजनकाटा, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, लेबल प्रिंटर, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन यांपैकी दोन गोष्टी टेबलावर असतील, किंवा इंटरनेट तुटल्यावर काम थांबून चालणार नसेल, तर डेस्कटॉप. नुसत्या ऑर्डरी बघायच्या, मंजुरी द्यायची, चार गावांतल्या माणसांनी एकच यादी पाहायची, असं असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं करा आणि हा लेख इथेच सोडा.

खूप जणांना दोन्ही लागतं. मग एंट्रीचा भाग डेस्कटॉपवर, मालकाचा बघण्याचा भाग वेबवर. एकाच टूलकिटमध्ये दोन्ही कोंबायचा हट्ट करू नका.

मशिनं मोजून घ्या

एंट्रीचे कॉम्प्युटर कारखान्यात सगळ्यात जुने असतात. नवं मशीन आलं की ते साहेबांच्या केबिनमध्ये जातं आणि साहेबांचं जुनं गेटवर. म्हणून प्रत्येक मशीनचं विंडोज, रॅम आणि स्क्रीनचा आकार लिहून घ्या.

ही यादी अर्धे उमेदवार, म्हणजे निवडीतली टूलकिटं (त्यांची ओळख पुढे आहे), आपोआप गाळते. विंडोज ७ चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून सुधारणा मिळणं, जानेवारी २०२० मध्येच संपला, तरी ती मशिनं अजून दिसतात. त्यांच्यावर मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ चालतं, क्यूटी ५.१५ चालतं, लाझारसमध्ये लिहिलेलं चालतं. डॉट नेट ८ नाही, क्यूटी ६ नाही, आणि इलेक्ट्रॉननं २०२३ मधल्या २३ व्या आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८ सोडून दिलं. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. मशीन बदलून घेणं हा शेवटी शेठचा निर्णय, पण त्याचा खर्च तुमच्या कोटेशनशेजारी लिहून द्या. नाहीतर तो नंतर तुमच्या खात्यावर पडतो.

स्क्रीनचंही तसंच. जुना मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा, आणि नव्या लॅपटॉपवर विंडोज स्वतःहून १२५ किंवा १५० टक्के मोठं दाखवतं. डॉट नेटच्या विनफॉर्म्स या टूलकिटमध्ये एका मशीनवर नीट बसवलेला फॉर्म दुसऱ्यावर गेला की खालची बटणं कापली जातात, लेबलं एकमेकांवर चढतात. डॉट नेटचंच दुसरं टूलकिट डब्ल्यूपीएफ आणि क्यूटी हे बऱ्यापैकी स्वतः सांभाळतात. विनफॉर्म्सच घ्यायचं तर कंट्रोल मोजून-मापून ठेवू नका, टेबल-लेआउटच्या पॅनलमध्ये बसवा आणि पहिल्याच आठवड्यात १५० टक्क्यांवर उघडून बघा.

खरा निकाल ग्रिड लावतो

धंद्याच्या प्रोग्राममध्ये बटण, चेकबॉक्स, मेनू कोणत्याही टूलकिटचे चालतात. फरक पडतो तो तक्त्यात: ओळीवर ओळी भरायच्या, मध्येच मागे जाऊन दर बदलायचा, खाली बेरीज हलताना दिसायची. दिवसाचे आठ तास माणूस त्याच चौकटीत असतो. म्हणून टूलकिटची जाहिरात वाचू नका, त्याचा ग्रिड, म्हणजे हा तक्ता, उघडा.

पहिली परीक्षा एंटरची. डॉसच्या आणि टॅलीच्या सवयीच्या माणसाला एंटर म्हणजे पुढचा रकाना. विंडोजच्या रीतीनुसार पुढं नेणारी की टॅब आहे, आणि विनफॉर्म्सच्या डेटाग्रिडव्ह्यूमध्ये एंटर दाबलं की खालची ओळ येते. ते बदलता येतं, पण दोन ठिकाणी: सेल एडिट होत असताना की एका फंक्शनकडे जाते, नुसता सेल निवडलेला असताना दुसऱ्याकडे. दोन्ही ओव्हरराइड केली नाहीत, म्हणजे आपल्या कोडनं बदलली नाहीत, तर एंटर कधी उजवीकडे जातो, कधी खाली, आणि ताई म्हणतात सॉफ्टवेअर लहरी आहे. क्यूटीच्या तक्त्यात एंटरनं एडिट पक्कं होतं पण पुढं सरकत नाही, तिथे इव्हेंट फिल्टर लिहावा लागतो. लाझारसच्या स्ट्रिंगग्रिडला यासाठी ऑटोॲडव्हान्स नावाचा तयार गुणधर्मच आहे. तो पहिल्यांदा सापडला तेव्हा कॉलेज रोडवर जाऊन मी स्वतःला मिसळ खाऊ घातली होती.

दुसरी परीक्षा ओळींची. पन्नास ओळींवर सगळेच ग्रिड पळतात. वर्षभराचं लेजर उघडा, पन्नास हजार ओळी, आणि एंड दाबा. इथे तत्त्व एकच: जेवढं दिसतंय तेवढंच टूलकिटनं मागावं. क्यूटीच्या मॉडेल-व्ह्यू रचनेत ते मुळातच आहे, जावाच्या स्विंगमधल्या जेटेबलमध्येही. डेटाग्रिडव्ह्यूत व्हर्च्युअल मोड चालू करून तुम्हीच ओळी पुरवायच्या. डब्ल्यूपीएफच्या डेटाग्रिडमध्ये ही सोय आधीपासून चालू असते, पण तो ग्रिड स्टॅकपॅनलमध्ये किंवा स्क्रोलव्ह्यूअरमध्ये ठेवला की त्याला उंचीची मर्यादाच कळत नाही आणि तो सगळ्या ओळी एकदम बांधायला बसतो. प्रोग्राम गोठतो आणि आपण डेटाबेसला शिव्या देतो. मी दोन दिवस दिल्या आहेत.

तिसरी परीक्षा आकड्यांची. आपल्याकडे १,००,००० असा स्वल्पविराम हवा. डॉट नेटमध्ये भारतीय कल्चर लावलं की मिळतो, जावास्क्रिप्टमध्येही भारतीय लोकेल दिलं की येतो. जावाचा जुना डेसिमलफॉरमॅट मात्र एकाच मापाचे गट पाडतो, लाखाचा स्वल्पविराम त्याला जमत नाही. तिथे आयसीयूची लायब्ररी घ्या किंवा स्वतः लिहा. छोटी गोष्ट वाटते, पण साडेबारा लाखांच्या बिलावर १,२५०,००० असं छापून गेलं की मालकाचा विश्वास तिथेच डळमळतो.

आणि एक, जे लोक शेवटी बघतात: एक्सेलमधून कॉपी केलेल्या दहा ओळी ग्रिडमध्ये पेस्ट होतात का? बहुतेक ग्रिडमध्ये हे आपणच लिहायचं असतं. ते लिहायचे दिवस अंदाजात धरा.

मराठी नुसती दिसून भागत नाही

टूलकिट मराठी दाखवतं का, हा प्रश्न आता जुना झाला. क्यूटी आणि क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) अक्षरजुळणीसाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरतात, जावानंही ९ व्या आवृत्तीपासून तेच घेतलं, विंडोजची स्वतःची व्यवस्था आहेच. जोडाक्षरं तुटणं आज फारसं दिसत नाही. दुखणी आता दुसरीकडे आहेत.

पहिलं दुखणं शोधण्याचं. "गोऱ्हे" हे आडनाव दोन तऱ्हांनी टाइप होतं: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. स्क्रीनवर दोन्ही सारखीच, कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळी माणसं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे सारखी रूपं एकात आणण्याची पद्धत, तीही ही दोन रूपं एक करत नाही. तसंच ॲ चं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत होते आणि आजही देतात. म्हणून नाव साठवताना ते एकाच रूपात आणणारं छोटं फंक्शन लिहा आणि शोधतानाही तेच लावा. हे कोणतंही टूलकिट तुमच्यासाठी करत नाही.

दुसरं क्रमवारीचं. नुसत्या कोडनुसार लावलं तर ळ हा ल च्या लगेच नंतर येतो आणि "क्षीरसागर" क च्या शेवटी, ख च्या आधी. वर्णमाला पाठ असलेला माणूस क्षीरसागरांना यादीच्या तळाशी शोधतो. कोणता क्रम हवा ते गिऱ्हाइकाला विचारा, आणि ग्रिडच्या मथळ्यावर क्लिक केलं की तोच क्रम लागतो का, हे तपासा. बरेच ग्रिड स्वतःची साधी तुलना वापरतात.

तिसरं स्क्रीन आणि कागद यांच्यातलं. विनफॉर्म्स स्क्रीनवर मजकूर विंडोजच्या जीडीआय या चित्रण-व्यवस्थेनं काढतं आणि छापताना आपण सहसा जीडीआय प्लस वापरतो. रुंदी थोडी वेगळी भरते, आणि स्क्रीनवर एका ओळीत मावलेला पत्ता कागदावर दुसऱ्या ओळीत जातो. डब्ल्यूपीएफमध्ये बारीक मराठी धुरकट दिसली तर टेक्स्ट फॉरमॅटिंग मोड डिस्प्ले करून बघा, काने-मात्रे स्पष्ट होतात. फॉन्ट मशीनवर असेलच असं धरू नका. निर्मला यूआय विंडोज ८ पासून आहे, त्याआधीच्या विंडोजवर मंगल.

जुना डेटा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर तो आधी बदलून घ्यायचा, टूलकिटचा त्याच्याशी संबंध नाही. ते वेगळं आणि कंटाळवाणं काम आहे, त्याचे पैसे वेगळे लावा.

कागद, काटा आणि मागच्या वायरी

डॉट मॅट्रिक्सवर इंग्रजी पावती झरझर हवी असेल तर प्रिंटरला अक्षरं आणि त्याच्या आज्ञा थेट पाठवाव्या लागतात. टूलकिटची छपाई पानाचं चित्र करून पाठवते, मग प्रिंटर एकेक रेघ रेटत बसतो. विंडोजच्या स्पूलरला (छपाईची रांग सांभाळणारा भाग) कच्चा डेटा देण्याची सोय आहे. सी शार्प, डेल्फी, सी प्लस प्लसमधून ती थेट बोलावता येते, जावाच्या प्रिंट सेवेतूनही बाइट पाठवता येतात. इलेक्ट्रॉनमध्ये त्यासाठी वेगळं नेटिव्ह मॉड्यूल जोडावं लागतं. पण हट्टानं मराठीच हवी असेल तर ही वाट बंद होते, कारण या प्रिंटरांच्या पोटात सहसा देवनागरी नसते. मग चित्रच पाठवायचं आणि वेग सोडायचा. एका खळ्यावर आम्ही मधला मार्ग काढला: मथळा आणि शेतकऱ्याचं नाव चित्रानं, आकड्यांचा तक्ता मजकुरानं.

वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्यांना ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागतं आणि बिलावर क्यूआर छापावा लागतो. तो डॉट मॅट्रिक्सवर भरवशाचा उमटत नाही. तिथे लेझर प्रिंटर सांगा, टूलकिटशी झटापट करू नका.

वजनकाट्याचा इंडिकेटर सीरियल पोर्टमधून सारखा आकडे ओतत असतो. वाचण्याची सोय सगळीकडे आहे: डॉट नेटचा सीरियलपोर्ट, क्यूटीचं सीरियल मॉड्यूल, पायथनचं पायसीरियल. गफलत होते ती थ्रेडची, म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांची. आकडा आल्याची खबर वेगळ्या थ्रेडवर येते, आणि फॉर्मला हात लावायची परवानगी फक्त मुख्य थ्रेडला असते. जवळपास प्रत्येक टूलकिटचा हा नियम आहे. तो मोडला तर प्रोग्राम तुमच्या ऑफिसात चालतो आणि काट्यावर ऐन गर्दीत पडतो. वजन स्थिर झाल्याशिवाय घेऊ नका. आणि यूएसबीचा कन्व्हर्टर दुसऱ्या खाचेत लावला की पोर्टचा नंबर बदलतो, म्हणून तो नंबर सेटिंगमध्ये ठेवा, कोडमध्ये नको.

आता उमेदवार

विनफॉर्म्स २००२ सालचं आहे. दिसायला करडं, जुनाट. तरी फक्त विंडोज, भरपूर एंट्री, जुनी मशिनं, आणि उद्या तुमच्या जागी दुसरा कोणी नाशिकमध्येच सापडला पाहिजे, या चार अटींवर मी आजही पहिलं नाव त्याचंच घेतो. २०१८ च्या शेवटी ते मुक्त स्रोत झालं आणि डॉट नेटच्या नव्या आवृत्त्यांतही चालतं.

डब्ल्यूपीएफ २००६ चं. मांडणी फार ताकदीची, मोठ्या प्रोग्रामला शिस्त लावणारं. पण शिकायला वेळ घेतं, आणि अर्धवट शिकलेल्या माणसाचं डब्ल्यूपीएफ हे अर्धवट शिकलेल्या माणसाच्या विनफॉर्म्सपेक्षा जास्त त्रास देतं. टीम तिघांची असेल आणि प्रोग्राम पाच वर्षं वाढत जाणार असेल तर जरूर घ्या. विनयूआय आणि माउई नवी आहेत. दोघांतही स्वतःचा डेटाग्रिड अंगभूत नाही, धंद्याच्या प्रोग्रामसाठी माझा प्रश्न तिथेच संपतो.

क्यूटी नव्वदीच्या दशकापासून टिकून आहे. यंत्राशेजारी, मोजमापाच्या उपकरणांसोबत, लिनक्सवरही चालायला हवं असेल तर त्याला तोड नाही. सी प्लस प्लस नको असेल तर पायथनमधून पायसाइड.

लाझारस आणि डेल्फी यांना हसू नका. एकच एक्झी फाइल, सोबत काही नको, जुन्या मशीनवर क्षणात उघडते. फॉक्सप्रो किंवा व्हीबी ६ मधून येणाऱ्या माणसाला ते घरचं वाटतं. अडचण फक्त माणसं मिळण्याची. व्हीबी ६ चा स्वतःचा आधार एप्रिल २००८ मध्ये संपला, पण त्याचे प्रोग्राम आजच्या विंडोजवरही उघडतात. चालू असलेला असा प्रोग्राम केवळ जुना आहे म्हणून फेकू नका, नव्यानं मात्र त्यात काही लिहू नका.

इलेक्ट्रॉन म्हणजे प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात एक अख्खा क्रोमियम. चार जीबीच्या मशीनवर टॅली, ब्राउझर आणि हे, असं तिघं बसली की पंखा ओरडायला लागतो. पण तुमच्याकडे वेब येणारीच मुलं असतील आणि मशिनं बरी असतील, तर एजी ग्रिडसारखा ग्रिड लावून छान काम होतं. टाउरी विंडोजमधलाच वेबव्ह्यू वापरतं, त्यामुळे हलकं, पण मागची बाजू रस्ट भाषेत. फ्लटर विंडोजवर २०२२ पासून स्थिर आहे, मोबाइलसाठी उत्तम, भराभर एंट्रीच्या ग्रिडसाठी अजून दुसऱ्यांच्या पॅकेजवर अवलंबून. स्विंग जुनं पण भक्कम. जावाच येत असेल तर निवांत घ्या. टीकिंटर पायथनसोबत फुकट येतं, पण त्याच्या ट्रीव्ह्यूत सेल जागेवर बदलताच येत नाही. स्वतःच्या छोट्या कामापुरतं ठीक.

लायसन्स कोटेशनच्या आधी वाचा

पायक्यूटी आणि पायसाइड, क्यूटी पायथनमधून वापरायच्या दोन लायब्ररी, दिसायला जुळी भावंडं, पण पायक्यूटी जीपीएल (प्रोग्राम दिला की आपला कोडही खुला करावा लागतो) किंवा विकतचं, पायसाइड एलजीपीएल (आपला कोड बंद ठेवता येतो). कोड बंद ठेवून विकायचा असेल तर हा फरक पैशांचा आहे. क्यूटीचे मुख्य भाग एलजीपीएलखाली वापरता येतात, लायब्ररी वेगळ्या फाइलींत ठेवून आणि सोबत लायसन्सची सूचना देऊन. पण सगळे भाग तसे नाहीत. क्यूटी चार्ट्स जीपीएल किंवा विकत याच वाटेनं आलं. मालकाला आलेख आवडतात, म्हणून इथेच लोक अडकतात. लाझारसच्या लायब्ररीत बंद प्रोग्राममध्ये जोडायची उघड सूट आहे. हँड्सऑनटेबल हा वेब ग्रिड २०१९ मधल्या ७ व्या आवृत्तीपासून धंद्यासाठी विकतचा झाला. एजी ग्रिडची कम्युनिटी आवृत्ती एमआयटी या मोकळ्या, फुकट लायसन्सखाली आहे.

विकतचे ग्रिड वाईट नसतात. वर्षाची वर्गणी आणि ती थांबली तर काय होतं, हे दोन्ही शेठना आधी सांगा.

तीन दिवसांची कसोटी

इथपर्यंत दोन नावं उरलेली असतात. आता वाद घालायचा नाही, दोन्हींत एकच स्क्रीन करायची. प्रोग्राममधली सगळ्यात किचकट, सगळ्यात जास्त वापरली जाणारी. लॉगिनची सुंदर स्क्रीन करून काही कळत नाही.

पहिला दिवस: आठ रकान्यांचा ग्रिड, एंटरनं पुढं, एफ दोननं मालाची यादी, खाली चालती बेरीज. दुसरा दिवस: तोच तक्ता पन्नास हजार ओळींवर, दीडशे टक्क्यांच्या स्क्रीनवर, गोऱ्हे आणि क्षीरसागर नावांसह, आणि एक पावती खऱ्या प्रिंटरवर. तिसरा दिवस: इन्स्टॉलर करून गिऱ्हाइकाच्या सगळ्यात जुन्या मशीनवर टाका आणि ताईंना पंधरा खऱ्या नोंदी करू द्या. तुम्ही मागे उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. त्या कुठे थबकतात, कुठे माउसकडे हात जातो, तेवढं वहीत टिपा. मध्येच प्लग ओढून वीज घालवा. परत सुरू केल्यावर अर्धं भरलेलं चलन कुठे गेलं, ते बघा.

या तीन दिवसांचे पैसे मागायला लाजू नका. अंबडचा कोणताही टूलरूमवाला मोठं काम घेण्याआधी ट्रायल पीस काढतोच.

हिशोब फॉर्मच्या बाहेर ठेवा

टूलकिट कितीही विचारानं निवडलं तरी दहा-बारा वर्षांत ते बदलायची वेळ येते. मायक्रोसॉफ्टचं सिल्व्हरलाइट २००७ मध्ये आलं, ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याचा आधार संपला. त्या दिवशी काय वाचतं हे आज ठरतं. हमाली, तोलाई, उचल वजा करून पट्टी काढणारं गणित बटणाच्या क्लिकमध्ये लिहिलं असेल तर फॉर्मबरोबर तेही जातं. ते वेगळ्या लायब्ररीत ठेवा, जिला स्क्रीन, ग्रिड, प्रिंटर यांतलं काही माहीत नाही. त्याची चाचणी फॉर्म न उघडता झाली पाहिजे. पैसे दशांश प्रकारात ठेवा. जावास्क्रिप्टमध्ये तसा प्रकार नाही, तिथे पैशांतच पूर्णांक मोजा, नाहीतर महिनाअखेरीस तीन पैसे शोधत बसाल.

तीन ठिकाणं, तीन उत्तरं

अंबडच्या त्या वर्कशॉपला विनफॉर्म्स दिलं. जॉबवर्कची चलनं, चार मशिनं, त्यातली दोन जुनी. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, म्हणून ग्रिडमध्ये तीनशे दिवस ओलांडलेली ओळ केशरी होते. एफ चार अर्थातच आहे.

दिंडोरीकडच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये क्यूटी घेतलं. दर पेटीला लेबल, तीन काटे एकाच वेळी, आणि लेबल छापणारं छोटं मशीन लिनक्सवर. जानेवारी ते एप्रिल हंगामात बंद पडून चालत नाही, म्हणून प्रोग्राम डिसेंबरच्या आधीच बसवला आणि हंगाम संपेपर्यंत नवी आवृत्ती टाकायची नाही असं ठरवून घेतलं.

पिंपळगावच्या खळ्यावर लाझारस आहे. एक्झी एक, डेटाबेस एक, पट्टीचं मशीन इन्व्हर्टरवर. रंग करडा. जांभळी पट्टी गेली. देऊन निघताना दिवाणजींनी माउस उचलून टेबलाच्या खणात ठेवला.

देताना एक काम मात्र त्याच दिवशी करा. इन्स्टॉलर, सोर्स, टूलकिटची आणि कंपायलरची नेमकी आवृत्ती, प्रत्येक लायब्ररीचं लायसन्स, प्रिंटरचा ड्रायव्हर आणि काट्याची सीरियल सेटिंग, हे सगळं दोन पेनड्राइव्हवर. एक तुमच्याकडे, दुसरा पाकिटात घालून वर तारीख लिहून शेठच्या कपाटात, जमिनीच्या कागदांशेजारी.